गॅस्केट बसलं की बघू

हायड्रोजन तयार करणं अजिबात अवघड नाही. निकल्सन आणि कार्लाइल या दोघा इंग्रजांनी १८०० सालीच बॅटरीच्या तारा पाण्यात सोडून ते करून दाखवलंय. पण त्यांच्यामागं गॅस्केटची, म्हणजे गळती थांबवणाऱ्या रबरी पट्टीची, कटकट नव्हती, त्यामुळं ते सुखी होते. आमचा दादा सुखी नाही.

दादाला पाण्यातनं काढलेला हायड्रोजन इंजिनात सोडून जुन्या मारुती ८०० चं अ‍ॅव्हरेज वाढवायचं होतं. मग कोल्हापुरात राहून माणूस जे करतो तेच केलं, उद्यमनगरात, म्हणजे वर्कशॉपांच्या वसाहतीत, गेला आणि ३१६ एल स्टेनलेस स्टीलच्या ७ प्लेटा कापून आणल्या. सातच का, तर ७ प्लेटांत ६ कप्पे, गाडीचे बारा-चौदा व्होल्ट सहांत वाटले की प्रत्येकाला दोनेक व्होल्ट, जास्त दिले तर नुसतं पाणी तापतं. दोन प्लेटांमधे रबरी गॅस्केट, दोन्ही टोकांना अ‍ॅक्रिलिकची शीट, भोवतीनं नटबोल्ट, आत पोटॅशियम हायड्रॉक्साईडचं, म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या जातीच्या जहाल क्षाराचं, पाणी. झाला सेल. चालू केला, बुडबुडे आले, दादा हसला, आणि खालनं टेबल ओलं.

हे पाणी साधं गळत नाही हो, ते सरपटतं. फट दिसत नाही, थेंब दिसत नाही, पण सकाळी बघावं तर कडेनं पांढरी पापडी धरलेली, म्हणजे रात्रभर पाझरलेलं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साईड खाऊन कार्बोनेट होऊन बसलंय. बोट लावलं तर साबणासारखं बुळबुळीत, कारण ते खरोखरच आपल्या कातडीवरच्या तेलाचा साबण करत असतं. म्हणून हातमोजे, चष्मा आणि शेजारी व्हिनेगर. वहिनीनं मंचुरियनसाठी आणलेली बाटली त्यात गेली.

पहिलं गॅस्केट ट्रकच्या जुन्या ट्यूबचं, ते एकीकडं जाड एकीकडं पातळ. मग हार्डवेअरवाल्यानं छातीठोकपणे सिलिकॉन दिलं. ते पहिल्यांदा झकास बसतं, मग पोटॅशियम हायड्रॉक्साईड त्याला सावकाश खातं आणि पुन्हा पापडी. शेवटी कळलं की पाहिजे ते ईपीडीएम, म्हणजे गाडीच्या दाराच्या बीडिंगचं रबर. म्हणजे औषध त्याच मारुतीच्या दारात होतं! (दारं अजून जागेवर आहेत, मी रोज बघतो.)

मग बोल्ट. गळतंय म्हटलं की मराठी माणूस पाना घेतो आणि पिळतो. चाकाचे नट आवळतात तसे समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळायचे असतात हे दादाला पाठ आहे, तरी एका रात्री चिडून त्यानं एकच बोल्ट असा पिळला की टक्कन अ‍ॅक्रिलिकला भोकापासनं तडा. मग एचडीपीई, म्हणजे चॉपिंग बोर्डाचं चिवट प्लॅस्टिक, पाहिजे असं ठरलं, ते असं तडकत नाही, फक्त आतलं दिसत नाही. दुसऱ्या दिवशी वहिनीनं त्याला व्हर्नियर लावून चॉपिंग बोर्ड मोजताना पकडलं.

एवढं करूनही बुडबुडे कमीच, म्हणजे गॅस कुठनंतरी निसटत होता. साबणाचं पाणी लावून बघूया म्हटलं तर त्यातही मेख, आत हायड्रोजन आणि ऑक्सिजन दोन्ही मिसळलेले, तो फेस म्हणजे बारीक बारीक फटाकेच, ठिणगी मिळाली की संपलं. हवेत हायड्रोजन ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कितीही असला तरी पेटतो. आई तर स्वयंपाकघरातनं ओरडली, "गॅसवर दूध हाय, तो डबा लांब न्हे आधी!"

शेवटी नाक्यावरच्या पंक्चरवाल्या मामांकडं गेलो. सेल रिकामा केला, धुतला, मामांनी दोन भोकं बुचानं बंद केली, तिसऱ्यातनं पंपानं हळूच हवा भरली आणि टबात बुडवला. बुडबुडे गॅस्केटमधनं नाहीतच, वरच्या निपलच्या, म्हणजे गॅसची नळी लावायच्या तोटीच्या, आट्यांतनं! टेफ्लॉन टेप उलटी गुंडाळलेली, आवळताना ती सुटत जायची. मामा म्हणाले, "टेप आट्यांच्या दिशेनं मार की लेका," आणि दहा रुपये घेतले.

सेल गळायचा थांबला तेव्हा वीज बोर्डातनं रिटायर झालेले शेजारचे काका आले. म्हणाले, १० अँपिअरला तुझा सेल मिनिटाला पाऊण लिटरही गॅस देणार नाही, आणि इंजिन मिनिटाला शेकड्यांनी लिटर हवा ओढतंय. वर सेलला करंट बॅटरीतनं, बॅटरीला अल्टरनेटरमधनं, अल्टरनेटर फिरतो इंजिनावर, आणि इंजिन कशावर चालतं? दादानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, सेल गरम झाला की रबर जरा बसतंय, एकदा पुन्हा आवळून बघतो."

गाडीला सेल काही अजून लागलेला नाही, पेट्रोल होतं तेवढंच जातं. पण परवा काकू कुकर घेऊन आल्या, शिट्टी होत नाही म्हणून, तर दादानं झाकण उजेडाला धरलं आणि इतक्या गंभीरपणे विचारलं, "रिंग कुठल्या रबराची आहे?"