पोशाख ठरवायचा कुणी?

शिक्षकांनी शाळेत काय घालावं याबद्दल महाराष्ट्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सूचना काढल्या. शिक्षिकांनी साडी किंवा सलवार-कुर्ता-दुपट्टा, शिक्षकांनी शर्ट-पँट, तोही खोचून. जीन्स आणि टी-शर्ट नको. तेव्हापासून हा विषय निघाला की घरच्या ग्रुपवर मला हमखास ऐकवलं जातं, ‘तुमच्या नॉर्वेत बरंय, कुणी काहीही घाला!’

तसं नाही. जुलै २०२१ मध्ये बल्गेरियातल्या वार्ना इथे युरोपियन बीच हँडबॉल स्पर्धा झाली. नियम बिकिनीचा होता. नॉर्वेच्या मुली शॉर्ट्स घालून उतरल्या, कारण पुरुष शॉर्ट्समध्येच खेळतात. संघाला १५०० युरो दंड झाला. जगभरातून ओरड झाल्यावर त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय महासंघाने नियम बदलला. म्हणजे आपल्याकडे अंग झाकलं नाही म्हणून बोलणी आणि तिथे झाकलं म्हणून दंड. शिवाय नॉर्वेने स्वतः २०१८ मध्ये शाळा-विद्यापीठांत चेहरा झाकायला बंदी घातली आहे. तेव्हा ‘तिकडे मोकळीक, इकडे संस्कृती’ ही वाटणी मला पटत नाही.

तरी एक गोष्ट मला इथे नॉर्वेतच मिळाली, पोहण्याच्या तलावावर. पाण्यात उतरण्याआधी सगळ्यांनी सामायिक न्हाणीघरात, अंगावर काही न ठेवता, साबण लावून आंघोळ करायची असते. सुरुवातीला मी भिंतीकडे तोंड करून कसंबसं उरकायचे. हळूहळू नजर वर उचलली. सत्तरी उलटलेल्या आज्या, बाळंतपणाने पोट सैल पडलेल्या आया, एका स्तनाच्या जागी ऑपरेशनचा व्रण असलेली बाई, आणि त्यांच्यातच केस धुणाऱ्या शाळकरी मुली. कुणी टक लावून पाहत नाही, कुणी काही बोलत नाही. बायकांची शरीरं खरोखर कशी असतात हे मी तोवर पाहिलंच नव्हतं. पाहिली होती ती जाहिरातींतली.

त्या जाहिरातींसाठीही इथे जुलै २०२२ पासून कायदा आहे. माणसाच्या शरीराचा आकार, माप किंवा त्वचा फोटोत बदलली असेल तर तसा शिक्का छापावा लागतो. असा कायदा भारतातही यावा असं मला मनापासून वाटतं. पण माझ्या मुलीला शिक्क्यापेक्षा त्या न्हाणीघराने जास्त शिकवलं आहे.

आपल्याकडे घरात पाऊल टाकताच ‘किती सुटलीस गं!’ कानावर येतं. त्यामागे माया असते, हे मी जाणते. पण गेल्या सुट्टीत भाचीने ताटातली दुसरी पोळी गुपचूप परत ठेवली, तेव्हा त्या मायेचा मला राग आला. वय वर्षं पंधरा, आणि ती पोळ्या मोजते.

माझी मावसबहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिला साडी आवडते, रोज नेसते. मुलींना खो-खो शिकवायचा असेल त्या दिवशी पंजाबी ड्रेस घालते, नि ट्रॅकपँट चालली असती तर बरं झालं असतं म्हणते. तिची तक्रार साडीबद्दल नाहीच. ‘आम्हाला कुणी विचारलं का?’ एवढंच ती म्हणते. पुढच्या सूचना काढण्याआधी त्यांचा मसुदा शाळाशाळांत फिरवा आणि दिवसभर वर्गात उभ्या राहणाऱ्या बायकांचं म्हणणं त्यावर लिहून घ्या, एवढी माझी मागणी आहे.