लांडगा-माणूस नवा नाही

सोलापुरातल्या पालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘लाल टोपीवाल्या मुलीची मूळ गोष्ट निरागस होती, शिकारी येऊन तिला वाचवायचा. आताच्या किशोर कादंबऱ्यांनी त्यात लांडगा-माणूस (कधी माणूस, कधी लांडगा होणारा) घुसडून ती नासवली.’ हे खरं नाही.

शिकारी वाचवतो ते जर्मनीतल्या ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या लोककथासंग्रहात. त्याआधी १६९७ साली शार्ल पेरो या लेखकानं फ्रान्समध्ये ती छापली, तेव्हा लांडगा मुलीला खातो आणि गोष्ट तिथंच संपते. फ्रान्सच्या खेड्यात १८८५ च्या सुमारास टिपून घेतलेल्या तोंडी कथेत तर चक्क लांडगा-माणूसच आहे! त्याच्या तावडीतून सुटायला मुलगी म्हणते, ‘बाहेर जाऊन येते.’ तो तिच्या पायाला लोकरीचा दोर बांधून सोडतो. ती तोच दोर अंगणातल्या आलुबुखाराच्या झाडाला बांधते आणि पळत घर गाठते. मला हीच गोष्ट सगळ्यांत आवडते.

मुलगी आणि लांडगा-माणूस यांच्यातला प्रेमाचा धागा नव्या लेखकांनी जोडला, हे मान्य. काही पुस्तकं मोठ्यांसाठीच असतात, ती आधी चाळून बघा. पण आमच्या वाचनालयात नववीतली मुलगी असं पुस्तक मागते, तेव्हा ‘मूळ गोष्ट बिघडवली’ म्हणून ते तिच्या हातातून काढून घेऊ नका.