सगळ्यात जवळचा तारा दाखवा

गच्चीवर दुर्बीण लावली की प्रश्न ठरलेले असतात. पहिला, "केवढ्याला पडली?" दुसरा, "चंद्रावरचा झेंडा दिसतो का?" ही दोन्ही उत्तरं मला झोपेतही देता येतात. छळतो तो तिसरा. व्याधाकडे, रात्रीच्या आकाशातल्या सगळ्यात तेजस्वी ताऱ्याकडे, बोट करून, "हा एवढा चमकतोय, म्हणजे हाच सगळ्यात जवळचा ना?" नाही म्हटलं तर रात्र जाते, हो म्हटलं तर झोप.

फेब्रुवारीत रात्री नऊ-दहाला व्याधाच्या जवळजवळ सरळ खाली, दक्षिणेच्या धुरकटात अगस्त्य हा तारा असतो. व्याधाची दृश्यप्रत, म्हणजे दिसणाऱ्या तेजाचा आकडा, उणे १.४६, अगस्त्याची उणे ०.७४. इथे कुणीतरी हमखास म्हणतं, "उणे म्हणजे कमी ना?" नाही हो! प्रत ही शाळेतल्या नंबरासारखी असते. आकडा लहान तितका तारा तेजस्वी. पाच प्रतींचा फरक म्हणजे बरोबर १०० पट, हा हिशेब १८५६ मध्ये इंग्रज खगोलशास्त्रज्ञ पॉगसनने पक्का केला आणि १८६१ पासून तीसेक वर्षं तो मद्रासच्या वेधशाळेत होता. म्हणजे आपल्या डोक्याला ताप देणारा माणूस तसा घरचाच.

तर व्याध अगस्त्याच्या जवळपास दुप्पट तेजस्वी दिसतो. पण व्याध आहे ८.६ प्रकाशवर्षांवर आणि अगस्त्य सुमारे ३१० वर. छत्तीस पट दूर. अंतर छत्तीस पट म्हणून प्रकाश छत्तीसपट कमी, असं मात्र नाही. छत्तीसचा वर्ग, सुमारे १३०० पट कमी. दुप्पट व्यासाच्या पोळीला तेवढंच तूप लावलं तर थर निम्मा नाही, पाव होतो, तसंच हे. एवढी लूट होऊनही अगस्त्य निम्मा उरतो, म्हणजे मुळात तो व्याधाच्या साडेसहाशे पट. व्याधाच्या जागी आणून ठेवला तर शुक्राच्या तीसपट तरी झळकेल, अंगणात सावल्या पडतील.

हे पटत नसेल तर ९ वॅटचा एक एलईडी बल्ब आणि फोनमधलं लक्समीटर, म्हणजे उजेड मोजणारं अ‍ॅप, घ्या. रात्री खोलीत बाकीचे दिवे बंद करा. १ मीटरवर समजा १२० लक्स आले, तर २ मीटरवर ३० आणि ३ मीटरवर १३ यायला हवेत. येतात वीस. लगेच "तुमचा नियम चुकला" अशी घोषणा होते. नियम चुकलेला नसतो, भिंतींना पांढरा डिस्टेंपर असतो. बल्ब आणि फोन यांच्या मध्ये वहीचा पुठ्ठा असा धरा की थेट उजेड अडेल. उरतो तो भिंतींचा. तो वजा करा. दर वेळी फोन बल्बाकडे सरळ रोखलेला हवा, आणि सेन्सर वरच्या कडेला पुढच्या कॅमेऱ्याशेजारी असतो, तिथे अंगठा नको. निम्मे प्रयोग त्या अंगठ्यापायीच फसतात.

आकाशात पुठ्ठा धरता येत नाही, ही खरी अडचण. पुण्याहून अगस्त्य फार तर १९ अंश वर चढतो. डोक्यावरच्या ताऱ्यापेक्षा तिप्पट हवा कापून त्याचा उजेड येतो आणि वाटेत अर्धी-एक प्रत सहज गळते. शिवाय मधली धूळ. म्हणून नुसत्या डोळ्यांनी अंतर सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही. सगळ्यांना समान पट्टी म्हणून खगोलशास्त्रज्ञ तारा १० पार्सेकवर, म्हणजे ३२.६ प्रकाशवर्षांवर, मांडतात. तिथे व्याध १.४ प्रतीचा, अगस्त्य उणे ५.६ चा. आणि आपला सूर्य ४.८ चा. शहरातल्या गच्चीवरून तो दिसणारही नाही.

एवढं ऐकून लोक शांत होतात आणि मग म्हणतात, "बरं, मग सगळ्यात जवळचा तरी दाखवा!" सूर्य सोडला तर सगळ्यात जवळचा प्रॉक्सिमा, ४.२४ प्रकाशवर्षं. प्रत अकरावी, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या अंधुकातल्या अंधुक ताऱ्याहूनही शंभरपट मंद. पुण्याहून तो वर येतो जेमतेम नऊ अंश, तोही थेट दक्षिणेला. दक्षिणेला आमच्या सोसायटीची पाण्याची टाकी आहे.