सतरा जणांनी असं काही लिहिलंच नव्हतं

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. त्यातला एक तर आमच्या सोसायटीचा, जिथे एरवी पाणी कधी येणार याचीच चर्चा असते. घोडबंदर रोडवरची निम्मी जनता ऐरोली-महापेच्या आयटी कंपन्यांत कामाला जाते, त्यामुळे नवल नाही. मेसेज असा: 'अजाइल म्हणजे डॉक्युमेंट नको, प्लॅनिंग नको, रोज सकाळी हजेरी आणि दर दोन आठवड्यांनी दुप्पट काम. सगळं अमेरिकन फॅड. आपली वॉटरफॉलच बरी होती.' खाली हात जोडलेले इमोजी. (दोन्ही सॉफ्टवेअर बनवायच्या पद्धती: वॉटरफॉलमध्ये सगळं आधी ठरवून एकेक टप्पा सरळ पार करायचा, अजाइलमध्ये थोडं थोडं बनवून, दाखवून, सुधारत जायचं.)

हसले मीही. चौदा वर्षं टेस्टिंगमध्ये काढली आहेत, यातलं बरंचसं भोगलंय. पण तक्रार खरी असली तरी आरोपी भलताच पकडलाय. लोकलमध्ये उत्तर टाइप करावं म्हटलं तर ठाण्याहून निघालं की मध्ये फक्त दिघा, पुढे ऐरोलीला उतरायचंच. म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

डॉक्युमेंटपासून सुरू करते, कारण ही समजूत सगळ्यात महागात पडते. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्डच्या स्कीइंग रिसॉर्टवर सतरा जण जमले आणि त्यांनी अजाइलचा चार ओळींचा जाहीरनामा लिहिला. त्यातली एक ओळ: सविस्तर कागदपत्रांपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर. 'पेक्षा' हा शब्द आपण गिळून टाकला. त्या चार ओळींच्या खालीच लिहिलंय की दुसऱ्या बाजूच्या गोष्टींनाही मोल आहे, आम्ही या बाजूला जास्त देतो, एवढंच. सासूबाई म्हणाल्या की मला चहापेक्षा कॉफी आवडते, तर घरातला चहाचा डबा कोणी फेकून देत नाही.

आमच्याकडे विम्याच्या हप्त्याचं एक मॉड्यूल होतं. दुसऱ्या वर्षी रिन्यूअलच्या काही पॉलिसींमध्ये एक रुपयाचा फरक येऊ लागला. हप्ता राउंड करून मग कर लावायचा, की कर लावून मग राउंड करायचं? कोड एक सांगत होता, क्लायंटची जुनी पावती दुसरं. ज्याने हे ठरवलं होतं तो नोटीस पिरियड संपवून पुण्याला गेलेला. जुनं तिकीट उघडलं तर त्यात एकच ओळ: 'कॉलवर बोलल्याप्रमाणे.' एका रुपयापायी तीन दिवस गेले. मग आम्ही एक पान लिहिलं. सात उदाहरणं, प्रत्येकात मूळ हप्ता, कर आणि अपेक्षित उत्तर. तीच सात उदाहरणं ऑटोमेटेड टेस्टमध्ये घातली. आता कोणी क्रम बदलला की बिल्ड लाल होतो, म्हणजे टेस्ट नापास झाल्याचं लगेच कळतं. हेही डॉक्युमेंटेशनच, आणि लोक ते खरंच वाचतात. ज्याचं शेवटचं पान फक्त सहीसाठी उघडलं जातं, तो दोनशे पानी बीआरडी (क्लायंटला काय हवं ते लिहिलेला दस्तऐवज) मात्र मला नको.

प्लॅनिंग नको? जीएसटी आठवतोय का? १ जुलै २०१७ ही तारीख सरकारची, ती आमच्यासाठी हलणार नव्हती. मे महिन्यात दर ठरले आणि जूनमध्ये त्यातले काही पुन्हा बदलले. मी तेव्हा एका बिलिंगच्या प्रोजेक्टवर होते. आम्ही दर सोमवारी बसून एकच प्रश्न विचारायचो: दुकानदाराला १ जुलैला बिल फाडता आलं पाहिजे, त्यासाठी काय लागेल? कर बरोबर आणि एचएसएन कोड (वस्तू कुठल्या वर्गातली ते सांगणारा आकडा) बरोबर. रंगीत रिपोर्ट नंतर. दर कोडमध्ये न लिहिता टेबलमध्ये ठेवले, कारण ते पुन्हा बदलणार हे दिसतच होतं. त्या दोन महिन्यांत केलं तेवढं प्लॅनिंग मी आधीच्या दोन वर्षांत केलं नसेल. तारीख घट्ट होती, यादी सैल होती.

आता हजेरी. स्क्रम ही अजाइलने काम करायची एक पद्धत. केन श्वाबर आणि जेफ सदरलँड यांच्या स्क्रम गाइडमध्ये रोजच्या बैठकीला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि ती डेव्हलपरांसाठी आहे. स्प्रिंटचं, म्हणजे ठरावीक आठवड्यांच्या कामाच्या फेरीचं, उद्दिष्ट जवळ आलं का ते बघायचं आणि त्याप्रमाणे पुढचं काम बदलायचं. या बैठकीला सगळे स्टँडअप म्हणतात, पण उभं राहायचं असंही त्यात कुठे नाही. 'काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय' हे तीन प्रश्नही २०२० च्या आवृत्तीतून गेले. आमच्याकडे मात्र चौदा माणसं, चाळीस मिनिटं, आणि मॅनेजर लॅपटॉपवर एक्सेल भरतोय. बोलणारा प्रत्येक जण त्याच्याकडेच बघून बोलणार. एकदा तो रजेवर होता. स्टँडअप नऊ मिनिटांत आटपला, आणि समोरासमोर बसणाऱ्या दोघांना त्या दिवशी कळलं की आपण दोघंही एकच एपीआय (दोन प्रोग्रॅमना जोडणारा दुवा) बदलतोय. आठवडाभर दोघंही रोज तेच सांगत होते, मॅनेजरला.

दुप्पट कामाचं तर मूळच उलटं आहे. जाहीरनाम्यामागच्या बारा तत्त्वांपैकी एक सांगतं की कायम झेपेल असा एकसारखा वेग ठेवा. आम्हाला एका तिमाहीत व्हेलॉसिटी, म्हणजे एका स्प्रिंटमध्ये पुऱ्या केलेल्या कामाचे पॉइंट, वीस टक्के वाढवायला सांगितली. वाढली! काल पाच पॉइंटची असलेली स्टोरी (कामाचा एक तुकडा) आज आठची झाली. काम तेवढंच, बग तेवढेच, आलेख मात्र सुंदर वर गेला आणि केकही कापला. बरं, स्टोरी पॉइंट आणि व्हेलॉसिटी हे शब्द सध्याच्या स्क्रम गाइडमध्ये नाहीतच. स्टोरी पॉइंट बहुधा आपणच काढले असं रॉन जेफ्रीज लिहून बसलेत, आणि त्याबद्दल वाईट वाटतं असंही. ते स्नोबर्डच्या सतरातलेच.

'जुनी वॉटरफॉल' फार लांबवत नाही. ज्या लेखातल्या आकृतीवरून ती निघाली असं मानतात, तो विन्स्टन रॉइस यांचा लेख १९७० चा. आकृती काढून रॉइस लगेच म्हणतात की असं सरळसोट करणं धोक्याचं आहे, शक्य तर पहिली आवृत्ती बांधून शिका आणि खरी दुसऱ्यांदा बांधा. 'स्क्रम' हा शब्द रग्बीतला. तो या कामाला पहिल्यांदा लावला ताकेउची आणि नोनाका या जपान्यांनी, १९८६ मध्ये, होंडा आणि कॅननसारख्या कंपन्यांची नवी उत्पादनं कशी घडतात ते सांगताना. म्हणजे फॅड असलंच तर निम्मं जपानी.

'तुमचं ते खरं अजाइलच नव्हे' एवढं म्हणून सुटणारे कोच मलाही आवडत नाहीत. सगळीकडे तीच बिघडलेली आवृत्ती का, याचं उत्तर द्यायला हवं. माझ्या मते ते करारात आहे. ठरलेली किंमत, ठरलेली यादी, ठरलेली तारीख यावर सही आधीच झालेली असते आणि मग आम्हाला सांगतात, आता अजाइल करा. हलवायला काही उरलंच नसेल तर दोन आठवड्यांच्या स्प्रिंटचा उपयोग फक्त माणसांना दर दोन आठवड्यांनी जाब विचारायला होतो. क्लायंटचा प्रॉडक्ट ओनर, म्हणजे आधी काय बनवायचं ते ठरवणारा माणूस, भेटतो रात्री साडेनऊला, तेही अर्धा तास. जाहीरनाम्यातली तिसरी ओळ नेमकी यावरच आहे: करारातल्या वाटाघाटींपेक्षा ग्राहकाशी सहकार्य. ती ओळ स्लाइडवर असते, पण सेल्सच्या मीटिंगमध्ये तिचं नाव निघालेलं मी ऐकलं नाही.

सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकणाऱ्या बी विंगमधल्या दादांना मी एवढंच विचारलं, तुमच्या स्टँडअपला माणसं किती? उत्तर आलं, 'बावीस. थांबा, आता तोच चालू आहे, माझा नंबर आला.'