माजी सैनिकाच्या पत्नीचं पेन्शन आपोआप सुरू होत नाही

शिरोळ, कागल, गडहिंग्लज भागात एक मेसेज फिरतोय: ‘माजी सैनिक वारले की पत्नीला पेन्शन आपोआप सुरू होते, बँकेत कळवायची गरज नाही.’ हे चुकीचं आहे आणि याचा फटका घरच्या बाईला बसतो.

पतीचं पेन्शन मृत्यूच्या दिवसापर्यंतच असतं. दुसऱ्या दिवसापासून कुटुंब निवृत्तीवेतन लागू होतं, पण मृत्यूची नोंद झाल्यावरच. न कळवता खात्यातून पैसे काढत राहिलं, तर जादा रक्कम पुढे वसूल होते. दुःखाच्या घरात हा घोर नको.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत करा, दाखल्याच्या चार-पाच प्रती घ्या. मग पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), आधार, पॅन आणि पत्नीचं बँक पासबुक घेऊन ‘स्पर्श’ या संरक्षण पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलवर कळवा. जमत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मदत मिळते.

खरी अडचण पत्नीच्या नावात असते. पीपीओवर ‘सुमन’, आधारवर ‘सुमनबाई’. कुठे माहेरचं नाव, कुठे जन्मतारीखच वेगळी. एवढ्यावरून प्रकरण अडकतं. दुरुस्ती सैनिकाच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडून (सैनिकांच्या नोंदी ठेवणारं कार्यालय) होते. मराठा लाईट इन्फंट्रीचं बेळगावला आहे. माजी सैनिक हयात असतानाच हे करून घेतलेलं केव्हाही बरं, कारण त्यांच्या सहीनं काम सोपं होतं.

कुटुंब निवृत्तीवेतनाचा दर साधारणपणे पतीच्या शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के. निवृत्तीनंतर मृत्यू झाल्यास ७ वर्षं, किंवा पती ६७ वर्षांचे झाले असते तोवर, यातलं जे आधी येईल तोपर्यंत वाढीव दर मिळतो. पेन्शन सुरू झाल्यावर पत्नीनं दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा.