पट्टा ७, गाल ४

वस्तऱ्याने दाढी करायची असं ठरवलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आरसा होता, फेस होता आणि गालावरून सरसरत जाणारं लखलखीत पातं होतं. पट्टा नव्हता. तो वस्तऱ्याबरोबर घरात आला आणि पुढचे तीन महिने त्यानेच गाजवले.

पट्टा म्हणजे एका कडीला अडकवलेल्या दोन पट्ट्या, चार बोटं रुंद आणि हातभर लांब. एक जाड कापडाची, दुसरी चामड्याची. दाढीला बसण्याआधी वस्तऱ्याचे कापडावर ३० आणि चामड्यावर ६० फेरे. माझा समज असा की ही धार लावायची सोय. तसं नाही. धार दगडावर लागते. पट्टा फक्त लागलेली धार सरळ करतो. कारण ती धार इतकी पातळ असते की दाढीच्या केसांपुढेसुद्धा वाकते. अमेरिकेतल्या एमआयटीतल्या संशोधकांनी २०२० साली सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर पातं केसापेक्षा सुमारे ५० पट कठीण असूनही केस त्याचे टवके काढत होता. केसाने गळा कापतात हे ऐकून होतो. केस वस्तऱ्याचाही कापतो, हे नवीन.

कृती ऐकायला सोपी आहे. दगडावर धार पुढे असते, पट्ट्यावर उलटं: पात्याची जाड पाठ पुढे, धार मागून. पाठ आणि धार दोन्ही चामड्याला टेकलेली. टोकाला पोचल्यावर वस्तरा पाठीवरच पालथा करायचा, झोपेत माणूस कूस बदलतो तसा, आणि परत यायचं. धारेवर पालथा केलात की पट्टा गेला.

मी पहिल्याच दिवशी धारेवर पालथा केला. याला कारण सिनेमा. सिनेमातला न्हावी पट्ट्यावर चटाक-चटाक असा काही हात चालवतो की बघणाऱ्याची मान आपोआप आखडते. मलाही तो चटाक हवा होता. तीन फेरे छान झाले. चौथ्याला ‘चट्’ आलाच नाही, ‘खच्’ आला. चामड्यात नखाएवढी चंद्रकोर उमटली होती. पट्टा १, गाल ०.

काचपेपर आणून ती जखम घासली, सुटलेला पापुद्रा चिकटवला आणि त्याच वस्तऱ्याने दाढीला बसलो. बोथट वस्तऱ्याची एक खासियत आहे: तो केस कापत नाही, कातडी मात्र कापतो. केस एकेक करून मुळापासून विचारपूस केल्यासारखे ओढत होता. ‘बिनपाण्याने करणं’ म्हणजे काय हे मला भरपूर पाणी आणि दुप्पट फेस लावून कळलं.

माझा खरा दोष मात्र वेगाचा नाही, जोराचा आहे. मी लिफ्टचं बटणसुद्धा अंगठ्याने दाबून धरतो. आणि इथे तर सगळे जाणते एकच सांगतात, दाब द्यायचा नाही; वस्तऱ्याचं स्वतःचं वजन पुरे. दाब दिला की चामडं खाली दबतं, धारेमागे पुन्हा वर येतं आणि धार गोल होते. म्हणजे जितकी मेहनत जास्त, तितका वस्तरा बोथट. असला अन्याय मी दुसऱ्या कुठल्याही कामात पाहिला नाही. एकदा बायको दारात उभी राहून बराच वेळ बघत होती. “अरे, वस्तरा परजतोयस की कढई घासतोयस?”

बरं, हात हलका ठेवायचा, पण पट्टा मात्र ताणलेला हवा. तो सैल पडला तरी धार गोलच. भिंतीतली कडी दुसऱ्या आठवड्यात स्क्रूसकट माझ्या हातात आली, तेव्हा मी पट्टा बाथरूमच्या दाराच्या मुठीला बांधायला लागलो. ते दार आत उघडतं. एका सकाळी पट्टा असा काही तंग झाला की काय सांगू! वीणेच्या तारेसारखा. वस्तरा आपोआप घसरत होता, आवाजही चटाक नाही, एकसारखा मऊ ‘सुर्र’. मनात म्हटलं, जमलं! ४१वा फेरा चालू असताना आतून आवाज आला, “बाबा, दार अडकलंय! मघापासून ओढतोय!”

मी दचकून पट्टा सोडला. दार धाडकन उघडलं, पट्ट्याने वर उसळी घेतली आणि वस्तरा त्याच्या कडेतून आरपार गेला. पोरगा, मी आणि माझी दहा बोटं सहीसलामत होतो. तरी त्या पट्ट्यासाठी मला जे वाईट वाटलं, ते मी घरात कुणाला कळू दिलं नाही.

धार बघायची रीत म्हणजे एक केस धरून तो पात्याला टेकवायचा. ओढ न लागता तुटला पाहिजे. त्यासाठी रोज डोक्यावरचा एक उपटावा लागे, आणि माझ्याकडे ते मोजकेच उरलेत. गालावरचे घालवण्यासाठी डोक्यावरचे खर्ची घालत होतो.

मग एका सकाळी, रात्रभर झोप झालेली नसताना, पेंगत पेंगत फेरे मारले. जोर करायला अंगात त्राणच नव्हतं. मोजणी कुठेतरी पन्नाशीत हरवली. सवयीने केस उपटला, पात्याला टेकवला. तो तुटल्याचं मला कळलंच नाही. उरलेला तुकडा बोटांत बघितला तेव्हा कळलं. दुसरा उपटला. तोही तसाच.

मी वस्तरा अलगद मिटला. तीन महिने ज्याने केस कापला नव्हता, त्यानेसुद्धा माझा गाल चार वेळा कापला होता. आणि आता हा!

हल्ली रोज सकाळी कापडावर ३० आणि चामड्यावर ६० फेरे होतात, हलक्या हाताने, पाठीवर कूस बदलत. मग एक केस जातो. पात्याला तेलाचं बोट लावून वस्तरा डब्यात ठेवतो आणि जिलेटला १९०४ साली ज्याचं पेटंट मिळालं, त्या सेफ्टी रेझरने दाढी करतो. पट्टा ७, गाल ४. महिना झाला, आकडा हललेला नाही.