जंक्शन म्हणजे मोठं स्टेशन नव्हे
सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: 'मोठं स्टेशन म्हणजे जंक्शन, आणि हा शब्द फक्त रेल्वेचा.' दोन्ही चूक. आकाराचा संबंध नाही; किमान तीन दिशांना रूळ जायला हवेत. पुण्याहून मुंबई, दौंड आणि मिरज, म्हणून पुणे जंक्शन. सीएसएमटी केवढं अवाढव्य, पण ते टर्मिनस, म्हणजे रूळ तिथेच संपतात.

शब्द मूळचा लॅटिन, 'जोडणे' अर्थाचा. आपल्या 'योग'चा लांबचा भाऊबंद. म्हणून भिंतीतल्या वायरी जोडतात तो जंक्शन बॉक्स. सिलिकॉनच्या डायोडमध्ये (वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या छोट्या तुकड्यात) पी आणि एन असे दोन प्रकारचे भाग भिडतात तेही जंक्शन. 'जंक्शन मिसळ' मात्र अस्सल आपली. तिथे काहीच जोडलेलं नसतं, पावाशिवाय.